जोखमीच्या देशांचं बोरन्हाण

न्यूझीलंडचं नाव जोखमीच्या देशांच्या यादीत घातल्याबद्दल हृषीकेशने भारत सरकारला अजून माफ केलं नव्हतं. सात दिवस बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, कोंडून घेऊन, आठव्या दिवशी पुन्हा नाकात काडी घालून घेऊन, काल लोहडीच्या संध्याकाळी तो एकदाचा खाली उतरला. वरच्याच दुसऱ्या खोलीतून त्याची बहीण मंजुषा आणि तिचं बाळही उतरलं. आज संक्रांतीच्या सकाळी, डायनिंग टेबलाशी चहा पितानाही त्याचा विषय तोच होता.

"दोन वर्षांत अख्ख्या देशात पन्नासच्या आसपास माणसं गेली," तो म्हणाला. "तेवढी तुमच्या एकेका सेक्टरात गेली असतील. आणि दिल्लीला उतरल्यावर जोखमीचे कोण, तर आम्ही."

"एकेका सेक्टरात नाही रे काका," ऋजुता म्हणाली. "चंदीगडचे साधारण अकराशे आहेत आणि सेक्टर पन्नासच्या वर. सरासरी वीस येते."

"ही भागाकारच करत बसणार," निखिल म्हणाला. मुलीकडे बघून तो हसला आणि हसता हसता खोकला. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "थंडीचा आहे," तो म्हणाला.

ऋजुता सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. होऊन आयटी पार्कमधल्या एका कंपनीत रोगांच्या आकडेवारीवर काम करत होती. घरातल्या माणसांकडेही ती थोडी त्याच नजरेने बघायची. या नऊ दिवसांत तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. सगळे जण आपापल्या सरकारबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणायचे. काका म्हणायचा, आम्ही सीमा बंद केल्या. स्टॉकहोमची मंजूआत्या म्हणायची, आम्ही लहान मुलांच्या शाळा एक दिवस बंद ठेवल्या नाहीत. सचिवालयात फायली पुढे सरकवणारा तिचा बाबा तर म्हणायचा की आम्ही कर्फ्यू लावला. जणू तो त्याने स्वतः कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या खिडकीतून हात बाहेर काढून लावला होता.

"स्वीडनला घातलं यादीत ते बरोबरच आहे," हृषीकेश म्हणाला. "तुम्ही काही केलंच नाहीत."

"आम्ही माणसांवर विश्वास टाकला," मंजुषा म्हणाली. तिच्या मांडीवर सोळा महिन्यांचा ध्रुव चमचा चघळत होता. "तुम्ही माणसांना चिठ्ठ्या टाकून घरी येऊ देता. स्वतःच्या देशात परत यायला लॉटरी. त्याला काय म्हणायचं?"

हे हृषीकेशच्या वर्मी लागलं. ऑकलंडला परतल्यावर सरकारी हॉटेलात दहा दिवस बंद राहायचं होतं, आणि त्या हॉटेलातली खोली सोडतीत निघावी लागायची. त्याची ती तिसऱ्या प्रयत्नात निघाली होती. विमान वीस तारखेचं होतं. त्याआधी दिल्लीत केलेली चाचणी पॉझिटिव्ह आली तर खोली गेली, आणि पुन्हा रांगेत. तिकडे बायको होती आणि दोन मुली होत्या.

"म्हणूनच म्हणतो," तो म्हणाला, "आज घरातल्या सगळ्यांची टेस्ट. ती निगेटिव्ह आली तरच चार वाजता ध्रुवचं बोरन्हाण. तोवर कुणी कुणाच्या जवळ जायचं नाही."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यांपासून दोन खुर्च्या सोडून, नलिनीआजी बसली होती. तिच्या पुढ्यात काळ्या कापडाचं झबलं होतं आणि हलव्याचे दागिने: मुकुट, बाजूबंद, एवढीशी बासरी. पुण्याहून कुरिअरने आले होते. बासरीचं टोक मोडलं होतं आणि ती ते साखरेच्या पाकाने चिकटवत होती. काल लोहडीच्या शेकोटीपाशीही हृषीकेशने तिला ध्रुवपासून सहा फुटांवर खुर्ची मांडून दिली होती. नातू जन्मल्यापासून तिने त्याला फोनमध्ये पाहिलं, मग आठवडाभर अंगणातून, मान वर करून. मांडीवर अजून घेतलं नव्हतं. मंजुषा पुढच्या आठवड्यात परत जाणार होती. आजी त्याबद्दल काही बोलत नव्हती. चार वाजता औक्षण करून मग मांडीवर घ्यायचा, इतकंच तिने सुनेला, ओजस्विनीला, दोनदा सांगितलं होतं.

"करा बाई काय ती टेस्ट," आजी म्हणाली. "लवकर करा म्हणजे झालं. मला न्हायचंय."

ऋजुताने हातमोजे चढवले. एकेकाच्या नाकात काडी, मग नळीतलं द्रावण, मग पट्टीवर थेंब. टेबलावर पट्ट्यांची ओळ लागली. बाबाने आधी नाटक केलं.

"टेस्ट केली की केस," तो म्हणाला. "नाही केली की सर्दी. आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यांना सर्दीच आहे. म्हणून तर ऑफिस चालू आहे."

"डोकं मागे करा," ओजस्विनी म्हणाली. "सात दिवस वर डबे पोचवून माझे पाय गेलेत. आता तुमच्या सर्दीसाठी परत सुरू नाही करायचं मला."

ऋजुताला जरा आश्चर्य वाटलं. आई एरवी हृषीकेशकाकाच्या प्रत्येक सूचनेवर स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. आज ती त्याच्या पक्षात होती. काकालाही ते कळलं असावं, कारण त्याने वहिनीला बसायला खुर्ची ओढून दिली.

निखिलची पट्टी निगेटिव्ह. त्याचा चेहरा फुलला. पुढचा अर्धा तास तो मुद्दाम खोकला. हृषीकेश निगेटिव्ह, मंजुषा निगेटिव्ह, ओजस्विनी निगेटिव्ह. ऋजुता स्वतः निगेटिव्ह.

आजीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

ऋजुताने दुसरं किट फोडलं. कोणत्याही निकालावर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवायचा नाही, हे तिला शिकवलं होतं. दुसऱ्या पट्टीवर रेघा पहिल्यापेक्षा लवकर आल्या.

"काय गं?" आजीने विचारलं.

"दोन आहेत, आजी."

"दोन म्हणजे वाईट ना?"

"म्हणजे तुला आहे. ताप वगैरे वाटतोय?"

"काल घसा खवखवत होता. म्हटलं, रेवड्या जास्त झाल्या."

आजीने बासरी झबल्यावर ठेवली, खुर्चीला धरून उठली आणि आपल्या मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिला कुणी सांगावं लागलं नाही. दोन हजार वीसच्या सप्टेंबरात आजोबांचं, सदाशिव सबनीसांचं, हॉस्पिटलमध्ये काय झालं ते या घराने पाहिलं होतं. आजीने त्यांना शेवटचं पाहिलं ते व्हरांड्यात उभी राहून, ॲम्ब्युलन्सच्या मागच्या काचेतून.

ऋजुताने डॉक्टरांना फोन लावला, दारातून आत ऑक्सिमीटर दिला, आजीने शहाण्णव वाचून दाखवले. दोन्ही लसी झाल्या होत्या. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर ताबडतोब कळवा, तोवर बघत राहा, डॉक्टर म्हणाले. ती बाहेर आली तेव्हा हॉलमध्ये परिषद भरलेली होती.

"खोली सील," हृषीकेश म्हणत होता. तो खिडक्या उघडत सुटला होता. बाहेरचं धुकं आत येत होतं. "जेवण दाराबाहेर. भांडी वेगळी. बोरन्हाण रद्द, सगळंच रद्द. शेजारच्या मुलांना फोन करून नको म्हणून सांगा."

"रद्द कशाला?" मंजुषा म्हणाली. "बाहेर लॉनवर करू. आई खिडकीतून बघेल. मोकळ्या हवेत काही होत नाही. आमच्याकडे सगळं आयुष्य बाहेर चालू होतं."

"तुमच्याकडे म्हाताऱ्यांचं काय झालं, ते बोल ना."

मंजुषाने ध्रुवला खांद्यावर घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ते चुकलं. आमच्या सरकारने नेमलेल्या समितीनेच तसं लिहिलं. वृद्धाश्रमात माणसं गेली, ते चुकलं. तुमच्याकडे काही चुकलं नाही का कधी?"

"मी बाबांच्या वेळी आलो असतो तर परत जाता आलं नसतं. किती महिने, कुणी सांगू शकत नव्हतं."

"आलाच नाहीस पण."

"तू तरी आलीस का? तुमचा देश तर उघडा होता."

"मला तीन आठवड्यांचं बाळ होतं, हृषी."

"अरे, पुरे," निखिल म्हणाला. "इथे असून मी तरी काय केलं? मला तरी कुठे आत जाऊ दिलं? आमच्याकडे पंतप्रधानांनी थाळ्या वाजवायला सांगितल्या, मी वाजवल्या."

"कुकरचं झाकण वाजवलंत," ओजस्विनी म्हणाली. "त्याला पोचा पडला. अजून शिट्टी होत नाही त्याची."

कुणीच हसलं नाही, पण आवाज खाली आले. ऋजुताला मागच्या खोलीच्या दाराखालची फट दिसत होती, आणि फटीतल्या उजेडात दोन पावलांची सावली. आजी दाराला लागून उभी होती. तिला वाचवायचं कसं यावर इथे तिन्ही देशांचं भांडण चाललं होतं, आणि तिला अजून कुणी एक शब्द विचारला नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या गिल आंटींनी भिंतीवरून हाक मारली. त्यांची दोन नातवंडं चार वाजता बोरं लुटायला येणार होती. ओजस्विनीने बाहेर जाऊन, मान खाली घालून, घरात केस निघाल्याचं सांगितलं.

"कोई बात नहीं जी," गिल आंटी म्हणाल्या. "सच बताऊं तो मेरे छोटे को भी जुकाम है. फिर भी भेज दूं?"

ओजस्विनी नको म्हणून परत आली. "आता मुलं नाहीत, आई नाहीत," ती म्हणाली. "बोरन्हाण कुणाचं करायचं ते सांगा. दोन किलो बोरं आणलीत मंडीतून."

"पण आईला झालं कुठून?" निखिलने विचारलं. आपण निगेटिव्ह निघाल्यापासून तो न्यायाधीशासारखा बसला होता. "ती तर घराबाहेर पडत नाही."

इथे तिघांचे तीन सिद्धांत आले. हृषीकेशच्या मते ते निखिलच्या सचिवालयातून आलं, पट्टी काही म्हणो. निखिलच्या मते ते परदेशातून आलं, सरकारने यादी उगाच केली नव्हती. मंजुषाच्या मते ते काल लोहडीला आलं, गिलांच्या शेकोटीवरून. प्रत्येकाच्या सिद्धांतात त्याचा स्वतःचा देश स्वच्छ होता.

"कालचं आज दिसत नाही," ऋजुता म्हणाली. "दोन-तीन दिवस तरी लागतात. घसा कालच दुखत होता म्हणजे त्याच्याही आधीचं." तिने मनातल्या मनात दिवस मोजले. मंजुषाच्या खांद्यावर ध्रुव पेंगत होता. आत्याने त्याचं नाक पदराने पुसलं, सवयीने, न बघता.

"आत्या, याचं नाक कधीपासून गळतंय?"

"हवा बदलली की होतं त्याला. चार-पाच दिवस झाले."

"याची टेस्ट केली होती?"

"नाही. पाच वर्षांखालच्यांना नसते."

"दिल्लीला?"

"नव्हती. आठव्या दिवशीही नव्हती. निघतानाही नव्हती. नियमच तसा आहे, ऋजू. सगळीकडे."

ऋजुताने काकाकडे पाहिलं. घरातल्या सगळ्यांची टेस्ट, असा नियम त्याने सकाळी स्वतः केला होता आणि तो मोडणाऱ्यांवर डोळे वटारले होते. त्या नियमात मांडीवर बसून चमचा चघळणारा माणूस त्यालाही दिसला नव्हता.

"आमच्याकडेही दोनखालच्यांना नसते," हृषीकेश म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

किटमध्ये दोन नळ्या उरल्या होत्या. ध्रुव रडला, त्याने ऋजुताचा हातमोजा ओढून काढला, आणि मग नाकातली काडी निघाल्यावर त्या हातमोज्याशी खेळत बसला. दोन रेघा आल्या. दुसऱ्यांदा करायची गरज नव्हती, तरी तिने केली. पुन्हा दोन.

त्यानंतरच्या पाच मिनिटांत सगळं उलटलं. मोकळ्या हवेवर विश्वास असलेली मंजुषा थर्मामीटर, पॅरासिटामॉलचे थेंब आणि लहान मुलांचा डॉक्टर एकाच वेळी मागू लागली. कुणी आत येऊ नका, कुणी बाहेर जाऊ नका, फाटकाला कुलूप लावा, म्हणाली. आणि सीमा बंद करणारा हृषीकेश बरसातीत जाऊन बॅग भरून खाली आला.

"इथून जवळ पिंजौरला एक हॉटेल आहे," तो म्हणाला. "वीस तारखेपर्यंत तिथे राहतो. तसा मी कुणाच्या जवळ गेलेलोच नाही."

"आत्ता जातोस?" मंजुषाने विचारलं. "आई आत पडली आहे. माझं पोर आजारी आहे."

"खोली जाईल, मंजू. मुली वाट बघतायत तिकडे."

"बाबांच्या वेळीही खोलीच होती."

"तेव्हा खोली नव्हती. तेव्हा सोडतसुद्धा नव्हती." तो बॅगेच्या मुठीला धरून उभा राहिला. निघालाही नाही आणि त्याने बॅग खालीही ठेवली नाही.

ध्रुवला ताप नव्हता. मुलांच्या डॉक्टरांनी फोनवर सगळं विचारलं. खातोय, खेळतोय, श्वास नीट आहे, तर काळजी करू नका, पाणी देत राहा, असं सांगितलं. मंजुषाने ते दोनदा वदवून घेतलं.

मग मागच्या खोलीचं दार आतून वाजलं. आजीने ते बोटभर उघडलं होतं.

"ऋजुता, इकडे ये. लांबच थांब. तो कसा आहे?"

"बरा आहे. तुझ्याआधी झालंय त्याला. बहुतेक प्रवासातच. पण तुला त्याच्याकडून कसं झालं, ते कळत नाहीये. कालपर्यंत तो वरच होता."

आजीने दार आणखी थोडं उघडलं.

"दुपारी मंजू झोपायची," आजी म्हणाली. "तिकडची रात्र इकडे दिवसा यायची तिला. मी ऊन खायला गच्चीवर जायचे. त्यांच्या दाराला साखळी असायची, फट राहायची एवढी. तो रांगत यायचा. बोट धरून बसायचा माझं."

गुडघे दुखतात म्हणून ही बाई वर्षभर देवळात गेली नव्हती. बाहेरच्या लोखंडी जिन्याला अठ्ठावीस पायऱ्या होत्या. आरोग्य खात्यातून रोज फोन यायचा आणि निखिल रोज सांगायचा, होम क्वारंटाइन एकदम चोख चालू आहे जी.

"आई, आपण सांगितलं होतं ना," हृषीकेश म्हणाला.

"सांगितलं होतंस. माझ्या घरात कुणी कुठे बसायचं ते नऊ दिवस तूच सांगतोयस." तिच्या आवाजात राग नव्हता. "मला एक विचारायचंय, ते ऋजुताला विचारते. मला झालंय आणि त्याला झालंय. आता त्याने मला आणि मी त्याला, आणखी काय द्यायचं राहिलं?"

ऋजुताने मास्क नीट केला. खोटा धीर तिला देता येत नसे, आणि आजीला तो चालला नसता.

"आजाराचा धोका तुला आहे," ती म्हणाली. "वयामुळे जास्त आहे. पुढचे काही दिवस बघावं लागेल. तो तुझ्याजवळ आल्याने त्यात काही भर पडणार नाही. विषाणू बहुतेक तोच आहे. या घरात एकमेकांना हात लावायला हरकत नाही अशी तुम्ही दोघंच आहात."

"दोघंच?"

"आज तरी."

"मग चार वाजता आण त्याला," आजी म्हणाली. "झबलं घालून. आणि ओजस्विनी, बोरं धुतलीस का? घुसळून धू. मंडीतली आहेत."

मंजुषा काही बोलणार होती. तिने आईच्या दाराकडे पाहिलं, मग मांडीवरच्या मुलाकडे. "आठवडाभर मी त्यांच्याबरोबर आत राहीन," ती शेवटी निखिलकडे वळून म्हणाली. "मला व्हायचं असेल तर झालंच असेल. माझी बॅग पण आत ठेव, दादा."

"तू मागाहून ये," दारामागून आवाज आला. "आधी मला एकटीला दे पाच मिनिटं."

चार वाजेपर्यंत धुकं विरलं आणि फिकट, बिनउष्णतेचं ऊन लॉनवर आलं. आजीच्या खोलीची मोठी खिडकी लॉनकडे होती. बंद काचेबाहेर निखिल, ओजस्विनी आणि मंजुषा उभे राहिले. त्यांच्यापासून हातभर अंतर राखून, एकावर एक दोन मास्क लावून, हृषीकेश उभा होता. त्याची टॅक्सी फाटकाबाहेर थांबली होती आणि ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला होता. ऋजुताने ध्रुवला दारातून आत सोडलं आणि ती धावत खिडकीशी आली.

आजीने जमिनीवर चादर अंथरली होती. काळ्या झबल्यातला, साखरेचा मुकुट घातलेला ध्रुव तिच्याकडे बघत उभा राहिला. हे बोट त्याच्या ओळखीचं होतं, पण बोटामागे एवढी मोठी बाई असेल हे त्याला माहीत नसावं. मग तो गेला आणि तिच्या मांडीवर बसला, आधी ठरवून ठेवल्यासारखा. आजीने त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. काचेतून तिचा चेहरा दिसत नव्हता. ती बराच वेळ तशीच बसली आणि औक्षणाचं तबक बाजूला तसंच राहिलं.

मग तिने वाटी उचलली आणि त्याच्या डोक्यावरून सगळं ओतलं: चुरमुरे, बोरं, हलवा, गिलांच्या रेवड्या. ते चादरभर उड्या मारत पसरलं. लुटायला मुलं नव्हती. हे उचलायचं असतं हे ध्रुवला कुणी शिकवलं नव्हतं. तो पसाऱ्याकडे नुसता बघत राहिला. तेव्हा आजी गुडघ्यांवर आली आणि स्वतःच लुटू लागली, दोन्ही हातांनी, घाईघाईने, जणू दहा मुलं तिच्या अंगावर पडत होती. ध्रुव खदखदून हसला आणि चादरीवर आडवाच झाला.

त्याने जमिनीवरची एक रेवडी उचलली, तोंडात घातली, सगळीकडून चाटली. चव पटली नसावी. त्याने ती बाहेर काढली, लाळेने चकाकणारी, तीळ चिकटलेली, आणि हात लांब करून आजीच्या ओठांशी धरली.

हृषीकेशचा हात आपसूक उठला आणि त्याने काचेवर टकटक केलं.

"काका," ऋजुता म्हणाली, "आता कशाला?"

हात काचेवरच राहिला. आत आजीने त्या आवाजाकडे पाहिलंही नाही. तिने तोंड उघडलं.